प्लूटो निघाला, ‘नऊ’ निघेना

वेबवर हलती चित्रं चालवणारं फ्लॅश बंद पडून इतकी वर्षं झाली, तरी आमच्याकडे अधूनमधून कुणीतरी त्याची जुनी एसडब्ल्यूएफ फाईल पुन्हा चालती करून घ्यायला येतंच. बहुतेकांचं काम अर्ध्या तासात उरकतं. हे प्रकरण मात्र सकाळी सुरू झालं ते रात्रीपर्यंत चाललं, आणि अडलं तेही भलत्याच ठिकाणी.

फाईल होती सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांची. 2005 साली त्यांनी गावातल्याच एका हरहुन्नरी मुलाकडून सूर्यमालेचा पाठ फ्लॅशमध्ये करून घेतला होता. चित्रं त्या मुलाची, आवाज सरांचा. सीडीवर पाठ जिल्हाभर फिरला. पुढे मुलगा नोकरीसाठी आखातात गेला, त्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, आणि बदल करता येणारी मूळ एफएलए फाईल त्यासोबतच गेली. उरली ती फक्त तयार झालेली एसडब्ल्यूएफ. त्यातच 31 डिसेंबर 2020 रोजी अ‍ॅडोबीनं फ्लॅश प्लेअरला रामराम ठोकला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरनं स्वतःच फाईल चालवायला नकार दिला. सरांचा पाठ तिथेच थांबला.

त्यांच्या पुतण्यानं आधी हात मारून पाहिला होता. एका फुकटच्या कन्व्हर्टरवर फाईल टाकली, तर व्हिडिओत ग्रहांची नावं येत-जात होती, पण ग्रह जागचे हलत नव्हते. मग त्यानं शाळेच्या जुन्या मशीनवर पाठ चालवून स्क्रीन रेकॉर्ड केली आणि तिची जीआयएफ केली. अडतीस एमबीची, मुकी. शिवाय जीआयएफच्या एका फ्रेममध्ये रंग 256च मावतात. सूर्याभोवती पिवळ्यापासून शेंदरीपर्यंत विरत जाणारा उजेड होता, त्याचे चक्क पट्टे पडले. सर फोनवर म्हणाले, “अहो मॅडम, पोरं विचारतात, सूर्यालाही शनीसारखी कडी आहेत का?”

मी फाईल आधी तिचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडते, ही जुनी खोड. पहिली तीन अक्षरं ‘सीडब्ल्यूएस’, पुढचा आकडा 7. म्हणजे दाबून लहान केलेली फाईल, फ्लॅश एमएक्स 2004च्या काळातली आणि फ्लॅशच्या तेव्हाच्या कोडभाषेतली, म्हणजे अ‍ॅक्शनस्क्रिप्ट दोनची. हे कळलं की निम्मी काळजी मिटते, कारण रफल नावाचा जो मुक्त एम्युलेटर, म्हणजे जुन्या प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्राम, आहे, त्याला हा जुना काळ चांगला पचतो. वेबपानावर रफलची दोन ओळींची स्क्रिप्ट टाकली, फाईलचा पत्ता दिला, आणि पाठ ब्राउझरमध्ये चालू झाला. आवाज, बटणं, सगळं. फाईल जेमतेम चारशे केबीची. सरांना लिंक पाठवली. पाच मिनिटांत फोन. आनंदानं बोलत होते, बोलता बोलता थांबले.

“मॅडम, पण हे नऊ म्हणतंय.”

म्हणणारच. पाठ 2005चा, प्राग इथल्या आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या बैठकीत प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं ते 24 ऑगस्ट 2006 रोजी. सर म्हणाले, सीडी दाखवताना ते त्या जागी हात वर करून पोरांना थांबवत आणि तोंडी दुरुस्ती सांगत. पण आता पाठ मोबाईलवर जाणार, तिथे हात वर करायला कोण असणार? “नऊ नको. तेवढं काढा.”

तेवढं काढा, हे आमच्या धंद्यातलं सर्वांत महागडं वाक्य आहे.

फाईल जेपेक्समध्ये टाकली. हा फ्लॅशचा डीकंपायलर. तयार फाईल फोडून आतले आकार, आवाज, मजकूर आणि कोड वेगवेगळे काढून दाखवतो. आणि तिथे मला त्या न पाहिलेल्या मुलाचं अक्षर दिसलं. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट दोनमध्ये टाइमलाईनवर, म्हणजे फ्रेमांच्या पट्टीवर, लिहिलेल्या व्हेरिएबलची (कोडमध्ये आकडे साठवणाऱ्या खणांची) नावं तयार फाईलमध्येही जशीच्या तशी राहतात. कॉमेंट जातात, नावं राहतात. त्यानं नावं दिली होती बुध, शुक्र, पृथ्वी, सगळी रोमन लिपीत, पण मराठी. प्रत्येकापुढे वेग: बुध 4.15, शुक्र 1.62, पृथ्वी 1, मंगळ 0.53, गुरू 0.084. हे आकडे अंदाजपंचे नाहीत. पृथ्वीचे 365 दिवस भागिले बुधाचे 88, म्हणजे 4.15. पृथ्वीची एक फेरी पाच सेकंदांत, आणि बाकी सगळे त्या हिशेबानं. दोन मिनिटांच्या पाठात गुरूच्या जेमतेम दोन फेऱ्या होतात आणि 248 वर्षांची फेरी असलेला प्लूटो एक दशांश अंतरही चालत नाही. पाहणाऱ्याला तो थांबल्यासारखाच वाटतो. दुसरा कुणी असता तर त्यानं प्लूटोला जरा पळवलं असतं. एका व्हेरिएबलचं नाव तर चक्क ‘सरांचा हट्ट’ होतं. प्लूटोची कक्षा लांबट आणि सरकलेली दाखवायचा गुणक त्यात होता. मी फोनवर विचारलं तेव्हा सर हसायला लागले. 1979 ते 1999 अशी वीस वर्षं प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, ते चित्रात दिसलंच पाहिजे म्हणून त्यांनी त्या मुलाला चार वेळा परत पाठवलं होतं.

पुतण्याच्या व्हिडिओत ग्रह का हलले नाहीत, तेही इथेच उलगडलं. नावं आणि आवाज टाइमलाईनवर होते, ग्रह मात्र कोडनं फिरत होते. टाइमलाईनच्या फ्रेमा तेवढ्या छापणाऱ्या कन्व्हर्टरला कोडशी देणंघेणं नसतं.

तर प्लूटो काढणं ही एका ओळीची बाब होती. ओळ पुसली, प्लूटो गेला. राहिलं ते ‘नऊ’.

त्या काळी फ्लॅशमध्ये युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य पद्धतीची, देवनागरी लिहिणं म्हणजे शिक्षा होती. गुंतागुंतीच्या लिप्या नीट मांडण्याची सोय फ्लॅश प्लेअरमध्ये आली ती 2008च्या दहाव्या आवृत्तीत. त्याआधी जोडाक्षरं फुटायची, वेलांटी भलत्या अक्षरावर बसायची. म्हणून सगळे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव असल्या फॉन्टांत लिहीत. त्या फॉन्टांत आतून साधी रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात, फक्त त्यांचे आकार देवनागरीचे. त्यामुळे जेपेक्सच्या मजकुराच्या खिडकीत ‘सूर्यमाला’ शोधायला गेलं की पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह आणि डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं हाती येतात. कन्व्हर्टरमधून युनिकोड केलं, तर रफार पुढे सरकून ‘सूयर्माला’ झालं. मराठी वेबवर वावरणाऱ्या कुणालाही हे भूत ओळखीचं असेल.

आणखी एक मेख. एसडब्ल्यूएफमध्ये अख्खा फॉन्ट नसतो. वापरलेल्या अक्षरांचे आकार तेवढे भरलेले असतात. म्हणजे ‘नऊ’ खोडून ‘आठ’ लिहायचं, तर ती अक्षरं फाईलमध्ये कुठेतरी आधीच असायला हवीत. मूळ फॉन्ट कुठला ते सरांना आठवेना. मग मी आकारांचा तक्ता उघडून एकेक अक्षर पाहत बसले. ‘सूर्यापासूनचे अंतर’ यातून अ मिळाला. काना तर कुठेही होता. ठ साठी थोडं थांबावं लागलं, आणि मग तो सापडला: ‘गुरू हा सर्वांत मोठा ग्रह’. ठ ला उभा दांडा नाही, त्यामुळे तो या जुन्या फॉन्टांत अख्खा एकच आकार असतो. अर्धा आणि काना जोडायची भानगड नाही. अ, काना, ठ. तिघांचे क्रमांक टाकले, अंतर जरा ओढूनताणून बसवलं, आणि पडद्यावर ‘आठ ग्रह’ आलं. मी एकटीच टाळी वाजवली.

शीर्षकात मात्र नऊ ठळक अक्षरात होतं. ठळक म्हणजे फाईलच्या लेखी वेगळाच फॉन्ट, त्याची अक्षरं वेगळी, आणि त्यांत ठ नव्हता. चला, शीर्षकातला आकडाच उडवू म्हटलं. ‘आपली सूर्यमाला’ पुरेसं आहे.

पण मग आवाज. अठराव्या सेकंदाला सर म्हणतात, “या नऊ ग्रहांपैकी.” पुढे एके ठिकाणी “नेपच्यून हा आठवा ग्रह” असं होतं. त्यातला ‘आठ’ कापून मागे चिकटवला. फ्लॅश टाइमलाईनवरचा आवाज काही न बदलता ठेवला तर मोनो, सोळा केबीपीएस एमपीथ्री करून टाकायचा, आणि त्या मुलानं काही बदललं नव्हतं. इतक्या चेपलेल्या आवाजात जोड लपत नाही. ऐकून सर म्हणाले, “हा मी नाही. हा कुणीतरी तोतरा आहे.” दुपारपर्यंत ते ‘मॅडम’वरून ‘अगं’वर आले होते. “अगं, मी पुन्हा बोलतो की सगळं.”

आणि त्यांनी खरंच सगळं पुन्हा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. मागे कुकरच्या शिट्टीसकट, आणि आता वयानुसार जरा सावकाश, वीस सेकंद लांब. जुन्या फाईलमध्ये आवाज फ्रेमाफ्रेमांत तुकडे करून ओवलेला होता, सेकंदाला बारा फ्रेमांच्या हिशेबानं. त्यात हा नवा, लांबलेला आवाज घुसवणं म्हणजे प्रत्येक नाव नव्यानं सरकवणं. तेवढ्या कष्टात पाठ नव्यानं बांधून झाला असता. मग बांधलाच.

जेपेक्समधून सूर्य आणि ग्रहांचे आकार एसव्हीजीत, म्हणजे वेबवरच्या रेषाचित्रांच्या फाईलींत, काढले. एमपीफोर हा सोपा रस्ता होता, पण मग ग्रहावर बोट ठेवलं की माहिती उघडते ते गेलं असतं. लॉटी या वेब-अॅनिमेशनच्या फाईलप्रकाराचा विचार केला आणि सोडला. आफ्टर इफेक्ट्समध्ये केलेलं काम वेबवर न्यायला ती उत्तम, पण इथे हालचालीचा जीव पाच-सहा ओळींच्या गणितात होता. ते गणित मोडून की-फ्रेम, म्हणजे ठरावीक क्षणांच्या ठरावीक जागा, करायचे, हा उलटा उद्योग. आणि अ‍ॅक्शनस्क्रिप्ट व जावास्क्रिप्ट ही एकाच मानकाची भावंडं, साइन-कोसाइनच्या ओळी जवळपास तशाच्या तशा चालल्या. बदलावं लागलं ते घड्याळ. जुना कोड दर फ्रेमला ग्रह पुढे ढकलत होता, सेकंदाला बारा वेळा. आजचा फोन पडदा साठदा रंगवतो, काही एकशेवीसदा. तोच कोड तिथे टाकला तर बुधाची भिंगरी होईल. म्हणून कोन फ्रेमवर न ठेवता ऑडिओच्या वेळेवर बांधला. सर थांबले की ग्रह थांबतात. नावं आता खरी युनिकोड मजकुराची आहेत, शोधली की सापडतात आणि स्क्रीन रीडरलाही वाचता येतात. मोबाईल ब्राउझर आपणहून आवाज सुरू करू देत नाहीत, म्हणून सुरुवातीला ‘पाठ सुरू करा’ असं बटण ठेवलं.

संध्याकाळी सरांना दाखवलं. आठ ग्रह, स्वच्छ. ते बघत राहिले आणि म्हणाले, “प्लूटो कुठाय?”

मी म्हणाले, “सर, तुम्हीच काढा म्हणालात.”

“नऊ काढा म्हणालो. प्लूटो कशाला काढायचा? बटुग्रह म्हणून दाखव की.” पोरं कक्षा बघून विचारतील की हा वाकडा का चालतो, म्हणजे मग सांगता येईल की वाकडी कक्षा हे यादीतून काढण्याचं कारण नाही; आपल्या कक्षेच्या आसपासचा प्रदेश त्याला मोकळा करता आला नाही, हे कारण. प्लूटो नसेल तर हा प्रश्न येणारच नाही. बिनतोड होतं. पुसलेली ओळ परत आणली, रंग राखाडी केला. ‘सरांचा हट्ट’ हे नाव नव्या कोडमध्येही तसंच ठेवलंय.

पानाचं एकूण वजन, सरांचा नवा आवाज धरून, एका एमबीच्या आत बसलं. शिट्टी काढून टाकली.

आता हृदयाचा पाठ आलाय. त्यात ठोक्यांसाठी शेप ट्वीन, म्हणजे एक आकार हळूहळू दुसऱ्यात बदलणं, वापरलंय, आणि तिथे फाईल उदार आहे: आकुंचन आणि प्रसरण, दोन्ही आकारांच्या कडा एकास एक जुळवूनच साठवलेल्या असतात, एसव्हीजीत त्या तशाच वापरता येतात. मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टातला. या वेळी सरांना आधीच सांगितलं की सगळी नावं युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा. त्यांनी वहीच्या पानावर सुंदर अक्षरात लिहिली आणि फोटो काढून पाठवला.