बांबोळीला जायच्या आधी गावातच काय काय आहे

आमच्या सिंधुदुर्गात कुणी जरा सीरियस झालं की घरातून एकच शब्द येतो, बांबोळी. म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी भागातली माणसं वर्षानुवर्षं तिकडे जातायत, तिथल्या डॉक्टरांनी इकडची कितीतरी माणसं वाचवलीयत आणि त्यांचे उपकार आम्ही कधीच विसरणार नाही. पण मला आज लिहायचंय ते बांबोळीला जायची वेळ यायच्या आधीचं, म्हणजे जिल्हा परिषदेचं आरोग्य खातं आपल्या वाडीपर्यंत जे घेऊन येतं त्याबद्दल. कारण त्यातलं निम्मं आपण घेतच नाही, आणि मला खरंच वाटतं की ते घेतलं असतं तर काही माणसं आज घरात बसलेली असती.

लेप्टोचंच, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचंच बघा. लावणीच्या दिवसात दिवसभर चिखलात उभं राहायचं, पायाला भेगा, कुठे कातरलेलं, आणि त्याच पाण्यात उंदराची लघवी मिसळलेली, जंतू तिथूनच आत शिरतो. म्हणून आशाताई घरोघरी डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घेऊन फिरतात, आठवड्यातून एकदा घ्यायची, जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. गरोदर बायकांना आणि लहान पोरांना देत नाहीत. आमच्या वाडीत आशाताई पावसात छत्री सांभाळत येते, पडवीतूनच हाक मारते, ‘काकी, गोळी घेतलंस मां?’ आणि काकी हो म्हणते आणि गोळी फडताळात जाते. मग ताप येतो, अंग मोडून येतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि लावणी अंगावर आहे म्हणून दुकानातून दुखायची गोळी आणून दोन-तीन दिवस काढायचे. हे दोन-तीन दिवसच महाग पडतात हो, कारण लेप्टो वेळेत ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो आणि उशीर झाला तर किडनी, लिव्हर, फुप्फुसांवर जातो. चिखलातून आलेल्या माणसाला ताप आला की त्याच दिवशी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं आणि रक्त द्यायचं, आणि मी शेतात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं, एवढंच आहे.

काजूच्या हंगामात तेच माकडतापाचं. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात साथ आली तोपर्यंत हे नाव आमच्याकडे बहुतेकांनी ऐकलं पण नव्हतं, कर्नाटकात शिमोग्याकडे १९५७ पासून माहीत असलेला आजार. जंगलातली गोचीड चावते आणि ताप येतो, म्हणून काजू गोळा करायला किंवा लाकडं आणायला जाणाऱ्यांना अंगाला लावायचं तेल आरोग्य खातं वाटतं. त्याला वास येतो, चिकट वाटतं, मान्य आहे, पण लावा. आणि माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता लगेच कळवा, आशाताईला कळवलं तरी चालतं, कारण त्यावरूनच त्यांना समजतं की कुठल्या भागात आजार फिरतोय.

आता सापाचं. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. कोकणात फुरसं आहे, घोणस आहे, मण्यार आहे, नाग आहे, आणि आपल्याकडची सर्पदंशाची लस (साप चावल्यावर देतात ते विष उतरवायचं इंजेक्शन) या चारही सापांवर चालते, म्हणजे कुठला साप चावला ते शोधत बसायची, त्याला मारून पिशवीत घालून न्यायची काही गरज नाही. फुरशाच्या किंवा घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं आणि ते बघायची टेस्ट इतकी साधी आहे की कुठल्याही पीएचसीत होते, काचेच्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायची, रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय. त्यावर लस सुरू होते. पण माणूस आधी गावठी औषधवाल्याकडे जातो, दोरी आवळून बांधतो, ब्लेड मारतो, आणि त्यात तास जातात. बांधू नका, कापू नका, पाय न हलवता माणसाला आडवा ठेवा आणि १०८ लावा. आणि विंचवाबद्दल एक सांगतो, लाल विंचू चावून कोकणात पोरं पटापट मरायची तेव्हा महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र पेशंटपाशी बसून नोंदी करत होते आणि त्यातूनच पुढे प्राझोसिनचा उपचार आला, जो आज जगभर माहीत आहे. गावच्या पीएचसीत काही होत नाही असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

बाळंतिणीचं पण तसंच. बाळ घरी आल्यावर आशाताई ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी येते, वजन करते, ताप बघते, दूध नीट ओढतंय का बघते. ही पद्धत मुळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, १९९९ मध्ये ते काम लॅन्सेट या डॉक्टरी जगातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं आणि मग सरकारने देशभर घेतली. घरातल्या मोठ्या बायका कधी कधी ‘आत्ताच न्हाऊ घातलंय, उद्या ये’ म्हणून तिला परत पाठवतात. प्लीज पाठवू नका. बाळ सुस्त झालंय किंवा गार पडलंय हे तिला आपल्याआधी कळतं, तिला ते शिकवलेलंच असतं.

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली की पाण्याला वास येतो म्हणून ग्रामपंचायतीत जाऊन भांडणारे लोक मी बघितलेत. तो वास पावसाळ्यात असायलाच हवा. पाण्यात ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकले आणि पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही, शाळेतल्या पोराला पण जमतं. तुमच्या ग्रामपंचायतीला लाल, पिवळं की हिरवं कार्ड आहे ते विचारून ठेवा, पिण्याच्या पाण्याच्या जागांची जी पाहणी होते त्यावर ते ठरतं. बीपी-शुगरची तपासणी ३० च्या पुढच्या सगळ्यांसाठी उपकेंद्रात होते आणि गोळ्या पण मिळतात. कुत्रा चावला तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि मग इंजेक्शनं, ती पण फुकट, आणि पूर्ण करायची, जखम भरली म्हणून मधेच सोडायची नाहीत.

आता दुसरी बाजू. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या असतात, एका डॉक्टरवर दोन दोन केंद्रं असतात, माझ्या ओळखीतल्या एका आजोबांना रात्री नेलं तेव्हा दार उघडायला माणूस नव्हता. हे चूक आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. पण ओपीडी ओस पडली, आपण सगळे खाजगीत गेलो, तर डॉक्टर द्या म्हणून आपण मागणार तरी कुठल्या तोंडाने? नियमाप्रमाणे सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक पीएचसी आहे, ५,००० किंवा ३,००० मागे उपकेंद्र आहे, हा आपला हक्क आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचे पण पैसे नाहीत.

मे महिन्याच्या ग्रामसभेत विचारा, पीएचसीत सर्पदंशाच्या लसीचा साठा किती आहे, रात्री कोण असतं, गावच्या आरोग्य-पोषण समितीला जे पैसे मिळतात ते कशावर खर्च झाले. आणि तक्रार करायची तर योग्य ठिकाणी करा, कारण पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी, पण ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतं. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तो तिथेच राहतो. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या, सही-शिक्क्यासकट.