चोरीचे सागवान आणि बांधावरचा शेतकरी

आमच्या खानापूर तालुक्यात बेकायदा वृक्षतोडीची बातमी आली की तिच्यात बहुधा तीन गोष्टी असतात: पकडलेले वाहन, जप्त केलेले सागवानी सोट (ओंडके) आणि त्यांची रुपयांतली किंमत. वाचणारा घटकाभर हळहळतो आणि विषय तिथेच संपतो. मला त्या किमतीबद्दलच लिहायचे आहे, कारण एकूण नुकसानीचा तो सर्वांत लहान भाग आहे आणि तेवढाच मोजला जातो. जे मोजले जात नाही, ते सरकारपेक्षाही इथल्या शेतकऱ्याला, सुताराला आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला सोसावे लागते.

हा भाग ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बेळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला जांबोटी, कणकुंबी, हेम्माडगा, नागरगाळी, लोंढा हा सारा पट्टा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. सागवान, शिसव, ऐन, किंजळ, नाणा, हिरडा, जांभूळ अशी मोलाची झाडे इथे उभी आहेत, आणि २०११ साली यातल्या काही जंगलाला भीमगड अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, तिलारीच्या बाजूला वळले की महाराष्ट्र. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा खानापूर तालुका म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि तोवर बेळगाव जिल्ह्यातच असलेला चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. जंगल एकच राहिले, नियम मात्र वेगळे झाले. कर्नाटकात १९६३ चा वन कायदा आणि १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, महाराष्ट्रात १९२७ चा भारतीय वन कायदा आणि १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, तर गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. कोणत्या झाडाला परवाना लागतो, कोणत्या झाडाला सूट आहे, परवाना कोणी द्यायचा, हे सीमा ओलांडताच बदलते. चोरटा व्यापार या फरकावरच जगतो.

आता प्रत्यक्ष जंगलात काय होते ते पाहू. चोरीने तोडलेल्या सागाचा खुंट सहजासहजी दिसत नाही, कारण त्याच्यावर माती आणि पालापाचोळा पसरलेला असतो. पाला बाजूला सारला की ताज्या कापाचा पिवळसर रंग दिसतो आणि भोवती ढलप्यांचा ढीग सापडतो. हा ढीग महत्त्वाचा आहे. अख्खा सोट जंगलातून बाहेर काढणे धोक्याचे आणि जड काम असते, म्हणून चोर तो तिथेच तासून चौकोनी कडी, म्हणजे तुळई, पाडतात आणि तेवढीच जीपमधून किंवा टेम्पोतून नेतात. गोल सोटातून जास्तीत जास्त मोठी चौकोनी कडी काढली तरी ३६ टक्के लाकूड बाहेर पडते, हे साधे भूमितीचे गणित आहे. लाकूड कापायच्या गिरणीत त्या बाजूच्या लाकडाच्या पट्ट्या, रिपा, चौकटींचे तुकडे निघतात आणि त्यांनाही भाव मिळतो. जंगलात मात्र ते लाकूड कुजून जाते. शेंडा आणि फांद्या तर तशाच पडून वाळतात आणि उन्हाळ्यात वणव्याला खाद्य पुरवतात. चार फूट घेराच्या ज्या झाडाला वाढायला पन्नास-साठ वर्षे लागली, त्याचा जेमतेम अर्धाअधिक भाग बाजारात पोहोचतो, तोही पडत्या भावाने.

चोर वाकडे, पोकळ झाड कधी तोडत नाही. तो सरळ, निरोगी, भरीव खोडाचे झाडच हेरतो. वर्षानुवर्षे हेच होत राहिले की जंगलात बी धरायला वेड्यावाकड्या वाढीची झाडे उरतात आणि पुढची पिढी त्यांच्याच वळणावर जाते. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात लिहिले जात नाही, कारण त्याची किंमत आणखी दोन पिढ्यांनी कळणार आहे.

ज्याबद्दल मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती गोष्ट बाजारभावाची आहे. आमच्याकडे अनेक शेतकऱ्यांच्या बांधावर, काजूच्या बागेच्या कडेला, घरामागच्या परड्यात सागाची झाडे आहेत, आमच्याही आहेत. मुलीचे लग्न, घराची दुरुस्ती, एखादे मोठे आजारपण यांसाठी ही झाडे राखलेली असतात. वेळ येते तेव्हा शेतकरी व्यापाऱ्याला बोलावतो, व्यापारी दोरीने घेर मोजतो, घेराच्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणतो आणि घनफूट काढतो. चार फूट घेर आणि पंधरा फूट लांबी असेल तर हिशेब १५ घनफुटांचा होतो. इथपर्यंत सारे ठीक असते. नंतर भाव सांगताना व्यापाऱ्याच्या मनात दुसऱ्या एका लाकडाचा भाव असतो: ज्याच्यासाठी कोणी झाड लावले नाही, राखले नाही, वन विकास कर भरला नाही, जीएसटी भरला नाही आणि परवान्यासाठी खेटे घातले नाहीत. चोराला लाकडाची किंमत फक्त तोडणावळ आणि वाहतुकीची पडते, आणि त्या किमतीशी प्रामाणिक शेतकऱ्याने स्पर्धा करायची असते. सरकारी आगारात लिलावाने विकल्या जाणाऱ्या लाकडावरही हाच दाब येतो. बेकायदा लाकडामुळे जगभरात लाकडाचे दर ७ ते १६ टक्क्यांनी खाली दाबले जातात, असा अंदाज २००४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात मांडला गेला होता. खानापूरच्या बाजाराचा आकडा कोणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही, पण ओळखीच्या एका सुताराने मला जे सांगितले ते पुरेसे बोलके आहे: "दादा, बिल पाहिजे असलं तर दर वेगळा बघा."

हा सुतार वाईट माणूस नाही. शेजारचा कारागीर बिनबिलाच्या सागाची चौकट स्वस्तात देत असताना आपण महाग लाकूड घेतले तर गिऱ्हाईक जाते, एवढेच त्याला कळते. चोरीच्या लाकडाने प्रामाणिक माणसाला बाजारातून हळूहळू बाहेर काढले जाते, ते असे.

आणि जो प्रत्यक्ष झाड तोडतो त्याच्या हाती काय पडते? रात्रीची मजुरी. पकडला जातो तो बहुतेक वेळा हाच, आणि कोर्टाच्या तारखाही त्याच्याच वाट्याला येतात. नाचणी-भाताच्या तुटपुंज्या शेतीवर जगणारा, पावसाळ्यानंतर गोव्याला किंवा पुण्याला कामाला जाणारा हा माणूस मोठ्या साखळीतला सर्वांत शेवटचा आणि सर्वांत कमी कमावणारा आहे. नफा कागद तयार करणाऱ्याकडे आणि माल खपवणाऱ्याकडे राहतो.

आता पाण्याकडे येऊ, कारण तिथला हिशेब लाकडापेक्षा फार मोठा आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठते. हुबळी-धारवाडचे पिण्याचे पाणी आणि खालची हजारो एकर शेती त्या साठ्यावर अवलंबून आहे. म्हादईचा उगमही भीमगडच्याच जंगलात आहे. घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस पानांवर, पाचोळ्यावर, मुळांच्या जाळ्यावर झेलला जातो तेव्हाच तो जमिनीत मुरतो आणि डिसेंबरनंतरही ओढ्यांना वाहते ठेवतो. मोठी झाडे गेली की माती सुटते, ओढे लवकर आटतात आणि गाळ धरणात जाऊन बसतो. कणकुंबीजवळ तुटलेल्या झाडाची काही किंमत सौंदत्तीचा शेतकरी उन्हाळ्यात कमी पाण्याच्या रूपाने मोजतो, आणि त्याला त्या झाडाची खबरही नसते. मध, हिरडा, शिकेकाई, आमसूल यांवर चालणारी घरेही अशीच नकळत खचतात. आग्या मोहोळ उंच, जुन्या झाडांवर बसते आणि नेमकी तीच झाडे आधी जातात. हत्ती आणि गवे शेतात येण्याची कारणे अनेक आहेत, साऱ्याचा दोष चोरट्या तोडीवर टाकणे बरोबर होणार नाही, पण विस्कटलेले जंगल हे त्यांपैकी एक आहे, हे भातशेती तुडवली गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

जागतिक बँकेने २०१९ मध्ये बेकायदा वृक्षतोड, मासेमारी आणि वन्यजीव व्यापार यांचा एकत्रित हिशेब मांडला होता. त्यात वार्षिक नुकसान एक ते दोन लाख कोटी डॉलर इतके धरले आहे आणि त्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग पाणी, माती, हवा यांसारख्या, बाजारात ज्यांना भावच नाही अशा सेवांचा आहे. सरकारांचा बुडणारा महसूल त्या मानाने ७०० ते १,२०० कोटी डॉलर, म्हणजे एकूण रकमेच्या तुलनेत अगदी किरकोळ. जप्तीच्या बातमीतल्या आकड्याला मी सर्वांत लहान भाग म्हटले, ते यामुळेच.

उपायांचा विचार करताना बहुतेक जण जंगलातल्या गस्तीपासून सुरुवात करतात. गस्त हवीच, आणि पावसाळ्यात जळवांच्या रानातून एकट्याने बीट (गस्तीचा ठरलेला भाग) सांभाळणाऱ्या वनरक्षकांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की चोरी जंगलात पकडण्यापेक्षा कागदात आणि गिरणीत पकडणे जास्त सोपे आहे.

कागदाची गोष्ट अशी. चोरीच्या लाकडाला बाजारात शिरायला परवाना लागतो, आणि तो बहुधा मालकी जमिनीतल्या झाडांच्या नावाने मिळवलेला असतो. शेतकऱ्याची चार झाडे तोडायची परवानगी निघते, कागदावर मापे वाढवली जातात, आणि त्या जास्तीच्या घनफुटात जंगलातले लाकूड बसवले जाते. लाकूड वाहतुकीच्या परवान्यावर, म्हणजे पासावर, तारीख किंवा वेळ कोरी राहिली तर एकाच पासावर दोन-तीन फेऱ्या होतात. आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. अर्ज कन्नडमध्ये भरायचा असतो, आणि गावातल्या वडीलधाऱ्या मराठी शेतकऱ्याला तो वाचता येत नाही. उतारा, नकाशा, जागेची पाहणी, मोजणी या चक्रात तो कंटाळतो आणि शेवटी व्यापाऱ्याच्याच माणसाला सांगतो, "तुम्हीच काय ते बघा, मी सही करून देतो." त्या सहीच्या वर नंतर काय लिहिले गेले, हे त्याला कधीच कळत नाही. आमच्या स्वतःच्या झाडांचा अर्ज एका कार्यालयात इतका रेंगाळला होता की असा मध्यस्थ गाठण्याचा सल्ला आम्हाला आपुलकीनेच दिला गेला.

त्यामुळे माझ्या दृष्टीने पहिला उपाय शेतकऱ्याला कायदेशीर मार्ग सोपा करून देणे हाच आहे: सीमाभागात अर्ज मराठीतही मिळावा, पाहणीची मुदत ठरलेली असावी आणि ती उलटली तर उत्तर देणे संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असावे. कायदा कठोर केला की झाड वाचतेच असे नाही, हे चंदनाने दाखवून दिले आहे. कर्नाटकात २००१ पर्यंत स्वतःच्या शेतातले चंदनही शेतकऱ्याच्या मालकीचे नव्हते. परिणामी चंदनाचे रोप उगवले की ते वाढू देण्यापेक्षा उपटून टाकणे लोकांना बरे वाटे. त्या वर्षी कायदा बदलला, मालकी शेतकऱ्याला मिळाली आणि लागवडीचा विचार पुन्हा सुरू झाला. राज्याच्या कृषी अरण्य प्रोत्साहन योजनेत जगलेल्या रोपामागे तीन वर्षांत शंभर-सव्वाशे रुपये मिळतात, हे चांगलेच आहे. पण झाड विकताना रडवणार असाल तर लावताना दिलेले पैसे फार काळ उत्साह टिकवू शकत नाहीत.

सीमेच्या प्रश्नावर आता एक साधन उपलब्ध आहे. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने देशभरासाठी वाहतूक परवान्याची एकच ऑनलाइन पद्धत सुरू केली आणि तिच्यात पासावर क्यूआर कोड असतो. चोर्ला, अनमोड आणि तिलारी या वाटांवरच्या नाक्यांवर तो कोड प्रत्येक गाडीसाठी खरोखर तपासला गेला, तर एका पासावर दुसरी फेरी करणे अवघड होईल. मात्र मूळ मोजणीच खोटी असेल तर कोड त्या खोट्याला अधिकृत करून देईल. म्हणून तोडीआधी उभ्या झाडाचा आणि तोडीनंतर खुंटाचा, जागेच्या अक्षांश-रेखांशांसह फोटो पासाला जोडणे सक्तीचे करावे. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही.

आरागिरण्यांचे तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या, जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशापासून त्यांच्यावर नियंत्रण आले आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांच्या परवान्यांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. गिरणीत आलेले सोट, निघालेला माल आणि विजेचे बिल या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या तर कितीही सफाईने लिहिलेली वही उघडी पडते. लाकूड कोणत्या जातीचे आहे यावर कोर्टात वाद झाला तर ते ओळखणारी संस्था आपल्याच राज्यात, बेंगळुरूला आहे. तिचा अहवाल वेळेत मागवला गेला तर पुराव्याअभावी सुटणारे खटले कमी होतील.

गावाला वाटा मिळाल्याशिवाय मात्र यातले काही फार काळ टिकेल असे मला वाटत नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचे पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आले. तिथे बांबू होता, इथे सागवान आहे, आणि सागवानाचा मोह मोठा आहे, हे खरे. पण खानापूरच्या वनसमित्यांना निदान मध, हिरडा आणि आमसूल यांच्या विक्रीचा हक्क, आणि जप्त लाकडाच्या लिलावातला ठरावीक हिस्सा देऊन सुरुवात करता येईल. रात्री जंगलात करवतीचा आवाज सर्वांत आधी गावातल्या माणसालाच ऐकू येतो; तो उठून फोन करील की कूस बदलून झोपेल, हे त्या हिश्श्यावर बरेचसे ठरते.