जपानहून पोकेमॉन कार्डे मागवताना: माझा अनुभव

जपानमधल्या एका विक्रेत्याकडून पोकेमॉनची जुनी कार्डे रत्नागिरीला मागवली, तेव्हा निवड, पैसे आणि विमानप्रवास हे सारे विनासायास पार पडले. अडले ते भारतात पोहोचल्यावर, एका खासगी कुरिअर कंपनीच्या कस्टम विभागात, आणि त्याचा संताप मला अजूनही आवरत नाही.

त्या पाकिटात पहिल्या संचातला चॅरिझार्ड, म्हणजे आग ओकणाऱ्या पोकेमॉनचे कार्ड, होता. जपानमध्ये १९९६ साली हा कार्डांचा खेळ सुरू झाला, त्या काळातले हे कार्ड. १२० एचपी (म्हणजे हरण्याआधी सोसता येणारी इजा) आणि १०० इजा करणारा 'फायर स्पिन' हल्ला, पण त्या हल्ल्यासाठी त्याला जोडलेली, हल्ल्याला बळ देणारी दोन एनर्जी कार्डे टाकून द्यावी लागतात. ताकदीची किंमत लगेच वसूल करणारी ही रचना मला आजच्या तीनशेहून अधिक एचपीच्या कार्डांपेक्षा देखणी वाटते.

विक्रेत्याने बिलावर माल 'खेळणी' या वर्गात दाखवला होता. भारतात खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणन सक्तीचे आहे, म्हणून कंपनीने माझ्याकडे ते प्रमाणपत्र मागितले. कुणीतरी वर्षानुवर्षे जपलेल्या छापील पुठ्ठ्याच्या कार्डांसाठी एखाद्या ग्राहकाने ते कुठून आणायचे, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. दर वेळी फोनवर नवा माणूस येई, पहिल्यापासून सगळे विचारी आणि आधीच पाठवलेले आधार कार्ड पुन्हा पाठवायला सांगे. (पार्सलावरचे नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळलेच पाहिजे, वडिलांचे नाव गाळले तरी अडवतात.) बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि माझा जीव कंपनीच्या गोदामातल्या दमट हवेत अडकला होता, कारण चकाकत्या होलो कार्डांचा कागद ओल शोषून फुगतो, वरचा चमकदार थर मात्र फुगत नाही, आणि कार्ड चित्राच्या बाजूला वाकते.

अखेर विक्रेत्याकडून नवे बिल करून घेतले: 'वापरलेली, छापील संग्राह्य कार्डे, वैयक्तिक संग्रहासाठी', प्रत्येक कार्डाची किंमत वेगळी आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे. ते कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्जासह पाठवल्यावरच पार्सल हलले. शुल्क मी भरले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते टाळण्यासाठी 'भेटवस्तू' लिहून घेण्याचा सल्ला काही जण देतात, पण पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींची सवलत डिसेंबर २०१९ मध्येच काढून घेतली गेली आहे. बिलाचा मसुदा पैसे भरण्यापूर्वीच मागून वाचावा, आणि शक्यतो जून ते सप्टेंबर काही मागवूच नये.

चॅरिझार्डला किंचित बाक आला होता. कोकणात कार्ड हाती येताच प्लास्टिकच्या पातळ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडर या कडक पाकिटात आणि हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. मात्र पुड्या फार टाकू नयेत, कारण कागद अति सुकला तर कार्ड उलट बाजूला वाकते.