नारिंगी पट्ट्याची पिंपे

दक्षिण व्हिएतनामची जंगले, खारफुटी आणि भातशेती यांवर व्हिएतनाम युद्धात, १९६१ ते १९७१ या काळात, अमेरिकी विमानांनी सुमारे साडेसात कोटी लिटर तणनाशके फवारली. झाडांची पाने गळली की त्यांखाली दडलेले शत्रूचे सैनिक उघडे पडतील आणि पिके करपली की त्यांची रसद तुटेल, असा त्यामागचा हिशेब होता. यांतील निम्म्याहून अधिक साठा ज्या मिश्रणाचा होता, त्याच्या पिंपांवर नारिंगी पट्टा रंगवलेला असे. त्यावरूनच त्याला ‘एजंट ऑरेंज’ हे नाव पडले.

आपल्याकडच्या ऊस उत्पादकांना तणनाशक म्हणून परिचित असलेले टू-फोर-डी हा या मिश्रणाचा अर्धा भाग होता. मोठा घात मात्र उरलेल्या अर्ध्या भागाने, म्हणजे टू-फोर-फाइव्ह-टी या रसायनाने केला, कारण ते तयार होताना त्यात टीसीडीडी हे अत्यंत विषारी डायॉक्सिन नकळत मिसळले जात असे. हे डायॉक्सिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उघड्यावर पडलेला त्याचा अंश उन्हाने बराचसा नष्ट होतो, पण जमिनीत मुरलेला किंवा तळ्याच्या गाळात बसलेला अंश अनेक दशके टिकून राहतो, मासे आणि बदकांच्या चरबीत साठत जातो, त्यांच्यावाटे माणसाच्या शरीरात शिरतो आणि आईच्या दुधातून तान्ह्या बाळापर्यंत पोहोचतो.

त्यामुळे सर्वांत दूषित जागा ठरल्या त्या जुन्या हवाई तळांच्या. दा नांग, बिएन होआ आणि फू कात येथे ही पिंपे साठवली गेली, विमानांत रिकामी केली गेली आणि सांडली गेली. मध्य व्हिएतनामच्या आ लुओई खोऱ्यातील आ सो या लहानशा तळाभोवती तर गुरे आणि मुले आत जाऊ नयेत म्हणून काटेरी झाडांचे कुंपण लावावे लागले. दा नांगच्या तळावरील सुमारे ९० हजार घनमीटर माती व गाळ २०१२ ते २०१८ या काळात तीनशे अंशांहून अधिक तापवून शुद्ध करण्यात आला आणि त्यावर ११ कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाला. बिएन होआची दूषित माती याच्या पाचपटीहून अधिक आहे. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा तेथील काम खणलेली माती तशीच ठेवून काही काळ थांबले होते. ज्या देशाने हे विष आणून टाकले, त्याच्या अंतर्गत राजकारणावर शेजारच्या वस्तीचे आरोग्य अवलंबून राहावे, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

निसर्गाने काही ठिकाणी उभारी धरली आहे. हो ची मिन्ह शहराजवळील कान ज्योची खारफुटी १९७८ पासून लोकांनी पुन्हा लावली आणि २००० मध्ये युनेस्कोने तिला जैवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. डोंगराळ भागात मात्र जुने वृक्ष गेले, तेथे राठ गवत माजले आणि ते वारंवार पेटत राहिल्याने रोपांना वाढायला अवसरच मिळाला नाही.

माणसांचे नुकसान मोजणे याहून अवघड आहे. व्हिएतनामच्या रेड क्रॉसच्या मते सुमारे ३० लाख लोकांना या विषाची बाधा झाली. अमेरिकी सरकारला हा आकडा मान्य नाही. पुढच्या पिढ्यांतील जन्मजात व्यंगांपैकी किती डायॉक्सिनमुळे झाली, यावर शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत आणि ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजेत. तथापि हीच अनिश्चितता दोन देशांतील रुग्णांना दोन वेगवेगळे न्याय देते, हे मला पटत नाही. अमेरिकेच्या १९९१ च्या कायद्यानुसार व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्या सैनिकाला ठरावीक आजार झाला, तर त्याचे कारण एजंट ऑरेंजच आहे असे गृहीत धरले जाते. त्याला वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. त्या सैनिकांच्या स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचे जन्मजात व्यंग) झालेल्या अपत्यांनाही सरकारी साहाय्य मिळते. रसायन कंपन्यांनी १९८४ मध्ये या माजी सैनिकांशी १८ कोटी डॉलरची तडजोड केली. फवारणीखालच्या गावांतच राहणाऱ्या व्हिएतनामी नागरिकांचा दावा मात्र अमेरिकी न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला.

युद्धकाळात वार्ताहर असलेल्या ट्रान तो न्गा यांच्या अंगावर ही फवारणी झाली होती आणि त्यांची पहिली मुलगी हृदयातील दोषामुळे दगावली. आता ऐंशी वर्षे ओलांडलेल्या या बाईंनी २०१४ मध्ये फ्रान्समध्ये रसायन कंपन्यांवर खटला भरला. कंपन्यांनी सरकारच्या आदेशावरून माल पुरवला, या युक्तिवादाच्या आधारे आधी २०२१ मध्ये आणि अपिलात २०२४ मध्ये न्यायालयांनी त्यांचा दावा नाकारला. त्यांनी तरीही माघार घेतलेली नाही.