इथले तीन आणि तिथले तीन

गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता माझी मीटिंग होती. तीही क्राकूवमध्ये, पोप जॉन पॉल दुसरे पोप व्हायच्या आधी जिथे आर्चबिशप होते त्या शहरात.

चौथं वर्ष आहे माझं इथलं, तरी हे काही केल्या पचत नाही. पोलंडमध्ये गुड फ्रायडेची सुट्टी नसते. ईस्टरच्या सोमवारी असते, त्या दिवशी पोरं एकमेकांना पाण्याने भिजवतात. पण प्रभूला क्रूसावर दिलं त्या दिवशी ट्राम भरभरून माणसं कामाला जातात. आपल्याकडे ख्रिस्ती माणूस शंभरात जेमतेम दोन-तीन, तरी कॅलेंडरवर तारीख लाल! वसईत त्या दिवशी चर्चची घंटासुद्धा वाजत नाही. मी हे ऑफिसात बोलून दाखवलं तर शेजारची पोलिश मुलगी शांतपणे म्हणाली, "आम्ही संध्याकाळी जातो ना." जातात खरे, उभं राहायला जागा नसते. ती स्वतः त्या दिवशी कडक उपास करून आली होती. तरीही माझं मत बदललेलं नाही. ज्या देशात चौकाचौकात क्रूस आहे त्या देशाला दुपारचे दोन तास मोकळे ठेवता येऊ नयेत?

एवढं मनाला लागायचं कारण तीन वाजण्याचंच आहे. आमच्या घरी दुपारी तीन म्हणजे दैवी करुणेची वेळ, प्रभूने प्राण सोडला ती घटका. आई हातातलं काम टाकते, माळ घेते आणि हॉलमधल्या तसबिरीसमोर बसते. पांढऱ्या झग्यातला येशू, छातीतून निघालेले दोन किरण, एक लाल, एक फिकट. रक्त आणि पाणी. रोझरीचीच, म्हणजे जपाची माळ, पण दर मण्याला म्हणायचं, "त्याच्या दुःखसहनाकरिता आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर." सात-आठ मिनिटांत होते. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी तर ही माळ हमखास म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या उशाशी म्हटली. मी फोनच्या पडद्यावर होते. रजा मिळाली नसती असं नाही, मीच मागितली नाही. प्रोजेक्ट शेवटच्या टप्प्यात होतं आणि डॉक्टर आठवडाभराचं बोलत होते. मी तिकीट शनिवारचं बघून ठेवलं होतं. बाबा गुरुवारी गेले.

वसईत तीन वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे सकाळचे साडेअकरा असतात, म्हणजे ऐन कामाची वेळ. इथे तीन होतात तेव्हा आईची संध्याकाळची भाकरी तव्यावर असते. आमची माळ एकत्र कधी होतच नाही.

म्हणून गुड फ्रायडेपासूनचे नोव्हेनाचे, म्हणजे प्रार्थनेचे नऊ दिवस मी धरले, आणि ईस्टरनंतरच्या रविवारी वागिएव्निकीला, क्राकूवमधल्याच दैवी करुणेच्या तीर्थाला गेले. ही भक्ती ज्यांच्यापासून सुरू झाली त्या सिस्टर फाऊस्तिना तिथल्याच कॉन्व्हेंटमध्ये वारल्या, 5 ऑक्टोबर 1938 ला, वयाच्या 33 व्या वर्षी. शाळा तीन वर्षंही धड झाली नव्हती. कॉन्व्हेंटात स्वयंपाक, बाग आणि फाटक सांभाळायच्या. 1931 मध्ये प्रभूने दर्शन देऊन "असं चित्र काढून घे" म्हटल्याचं त्यांनी डायरीत लिहिलं. ईस्टरनंतरचा रविवार करुणेचा असावा, हे मागणंही त्यातलंच. रोमने 1959 मध्ये या भक्तीवर बंदी आणली, ती उठायला 1978 उजाडलं. जवळच्या सोल्व्हेच्या कारखान्यात युद्धकाळात राबणारा, लाकडी बूट घालून इथे प्रार्थनेला येणारा तरुण पुढे पोप झाला, तोच जॉन पॉल दुसरा. त्यानेच 30 एप्रिल 2000 ला फाऊस्तिनांना संत घोषित केलं आणि हा रविवार साऱ्या ख्रिस्तसभेला दिला. एका फाटकवालीची गोष्ट वसईतल्या आमच्या हॉलपर्यंत पोचली ती अशी.

गर्दी म्हणाल तर यात्रेची, पण आवाज नाही. कन्फेशनसाठी उघड्यावर लांबच लांब रांगा, कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही. आपल्याकडे एवढी माणसं जमली की भजनाचा लाऊडस्पीकर, पोरांची रडारड, ओळखीच्यांच्या हाका. मला तेच आवडतं, खोटं कशाला बोलू. पण त्या शांततेत माझंही डोकं जरा थांबलं.

तीनला थोडं असताना पाऊस आला. माझ्याकडे छत्री नव्हती. शेजारच्या आजीबाईंनी काही न बोलता आपली अर्धी छत्री माझ्यावर धरली. त्यांचा उजवा खांदा भिजत होता. मग हळूच विचारलं, भारतातली का? कॅथलिक? मी म्हटलं, हो, चारशे वर्षांपेक्षा जास्त झाली. जरा जोरातच म्हटलं गेलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, कुणासाठी आलीस?

माझं पोलिश मोडकंतोडकं. "ताता," म्हटलं, "बाबा," आणि पुढचं सुचेना. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. पोर्तुगिजांबरोबर आमच्याकडे आलेलं संताचं नाव, त्यांच्या भाषेतही आहेच.

तीन वाजले. सगळीकडून एका सुरात कोरोनका सुरू झाली, ते माळेला हेच म्हणतात. जमीन ओली होती, तरी माणसं गुडघ्यावर बसली. मी मराठीतून म्हणत होते. पहिल्या दहा मण्यांनंतर जरा थांबा होता, तेवढ्यात आजीबाईंनी पोलिश वळणाने बाबांचं नाव घेतलं आणि माळ पुढे ओढली.

तिकडे वसईत घरी साडेसहा वाजले होते. आईचा मिस्ड कॉल होता.

सोमवारी ऑफिसच्या कॅलेंडरात मी रोजचे साडेअकरा ते अकरा चाळीस अडवून टाकले. विषयाच्या जागी लिहिलं, "आई".