पहाटे तीनची तारीख

दिवाळी १८ दिवसांवर आली होती. सकाळी आठलाच पुण्यातल्या एका पुस्तकविक्रेत्या काकांचा फोन. "अहो, ९० दिवाळी अंक चढवलेत साइटवर. गूगलवर नाव टाकलं तर एकही दिसत नाही. साइटमॅप दिलाय म्हणाला होतात ना?"

दिला होता, मीच. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांच्या पत्त्यांची गूगलसाठीची यादी. सर्च कन्सोलमध्ये (साइटचा हालहवाल गूगल साइटवाल्यांना जिथे दाखवतं तिथे) सगळं हिरवंगार: फाइल वाचली, ११ हजार पानं सापडली. नव्या अंकांचा पत्ताही गूगलला ठाऊक होता, फक्त तिकडे अजून कोणी फिरकलं नव्हतं.

मग सर्व्हरचे लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी येऊन गेलं याच्या नोंदी, चाळायला घेतले. गूगलबॉट, पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, रोज यायचा, साइटमॅप घ्यायचा आणि जाऊन लोणच्यांच्या एका जुन्या पुस्तकाचं पान उघडायचा! चहा पार गार झाल्यावर लक्षात आलं, की साइटमॅपमध्ये प्रत्येक पानाचा लास्टमॉड, म्हणजे शेवटच्या बदलाची वेळ, एकच आहे. आजची तारीख, पहाटे ३. अकराच्या अकरा हजार पानांना.

कर्म माझंच. साठा जुळवायला मी रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लावला होता. एकही प्रत विकली गेली नसली तरी तो प्रत्येक नोंद पुन्हा सेव्ह करायचा आणि साइटमॅप तीच वेळ उचलायचा. गूगल लास्टमॉड विचारात घेतं, पण तो खरा निघतो तोवरच. आमचं रोजचंच 'लांडगा आला रे आला'. (साइटमॅपमध्ये पानाचं महत्त्व सांगणारे प्रायॉरिटीचे आकडे तर गूगल बघतही नाही. ते ०.८ ठेवावेत की ०.९, यावर मी एकेकाळी अख्खी संध्याकाळ घालवली होती.)

दुपारपर्यंत क्रॉन सुधारला. आता मजकूर किंवा किंमत बदलली तरच तारीख हलणार. शेवटच्या ५० नव्या पानांचं आरएसएस फीडही (ताज्या पानांची आपोआप बनणारी यादी) सर्च कन्सोलमध्ये दिलं. गूगल फीडसुद्धा साइटमॅप म्हणून घेतं. पूर्वी साइटमॅप बदलल्याचं गूगलला पिंग करून कळवता यायचं, ती सोय त्यांनी २०२३ मध्ये मोडीत काढली. शिवाय चौथ्या पानावर दडलेले अंक साध्या लिंका देऊन थेट मुखपृष्ठावर आणले. माझा जास्त भरवसा खरं तर यावरच होता.

तिसऱ्या दिवशी लॉगमध्ये अंकांची पानं दिसू लागली. आठवड्याने काकांचा फोन.

"दिसतायत हो आता. पण आपल्या वर ते दुसरं दुकान का येतं?"

"काका, ते साइटमॅपच्या हातात नाही."

"मग कोणाच्या?"

मी म्हटलं, संध्याकाळी दुकानावरच येतो.