कुंडीतला आयरिस आणि त्याची उघडी पाठ

आयरिस या फुलझाडाचा पहिला कंद मी लाड करून मारला. दिसायला तो आल्याच्या गड्ड्यासारखा आडवा, सुरकुतलेला. वर छाटलेल्या पात्यांचा पंखा. कंद म्हटला की खोल पुरायचा, एवढंच माझं ज्ञान. चार बोटं माती वर लोटली, भरपूर शेणखत घातलं, रोज पाणी. महिनाभरात पाती बुडाशी पिवळी पडली. एक पात सहज ओढली तर ती मुळापासून हातात आली आणि मागोमाग असा वास सुटला की बस! उकरून पाहिलं, तर साल तेवढी शाबूत, आत नुसता लगदा.

ही मऊ कूज. जीवाणूंमुळे होते, आणि साचलेली ओल व नत्राचा मारा असला की त्यांचं फावतं. दोन्ही सोयी मीच केल्या होत्या. चूक होती ती सगळ्या आयरिसना एकच नियम लावण्याची. डच आयरिसचे कांदे १० सेंमी खोल चालतात, लुइझियाना आयरिसला ओल आवडते. माझा होता दाढीवाला, म्हणजे पाकळ्यांवर केसांचा पट्टा असणारा, त्याला दोन्हीचं वावडं.

कंदाचं एक टोक अजून टणक होतं. पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापत गेले, दर कापाला सुरी स्पिरिटने पुसली. मग तो तुकडा सावलीत ठेवला, काप कोरडा होऊन खपली धरेपर्यंत. (चिकाने हात खाजतात. हातमोजे घाला.)

या वेळी ३० सेंमी रुंद मातीची कुंडी घेतली. प्लास्टिकची हलकी असते, फुलोऱ्याच्या ओझ्याने कलंडते. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू आणि पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) मिसळलं. मधोमध छोटा उंचवटा केला, त्यावर कंद बसवला, मुळं दोन्ही अंगांनी खाली सोडली आणि फक्त मुळांवर माती ओढली. डबक्यात डुंबणाऱ्या म्हशीची पाठ दिसते ना, तशी कंदाची पाठ उघडी. रोज किमान सहा तास ऊन. पाणी मात्र बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच.

पहिलं वर्ष नुसती पाती. दुसऱ्या वर्षी थंडी सरल्यावर पात्यांच्या पोटातून दांडा वर आला. तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या आणि झुकलेल्या प्रत्येकीवर पिवळ्या केसांची दाढी, मधमाशीला वाट दाखवणारी. फूल तिसऱ्या दिवशी मिटलं तेव्हा जीव खट्टू झाला. तोवर खालची कळी फुगली होती.

तिसऱ्या वर्षी कुंडी गच्च झाली. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, फुलतात त्याची बाजूची पिल्लं. म्हणून बहर संपल्यावर सहा-सात आठवड्यांनी सगळं उपसलं, म्हातारा कंद टाकला, पिल्लांची पाती १५ सेंमीवर छाटली. पाच निघाली. दोन लावली, तीन खिडकीत पडून आहेत, कारण आता कुंड्याच उरल्या नाहीत.